थायलंडची आगगाडी : एक मीटरच्या रुळांवरून

थायलंडला जाऊन आलेल्या तुमच्या ओळखीच्या कुणालाही विचारा, रेल्वेने फिरलात का? बहुतेकांचे उत्तर नाही असेच येईल. आपली मंडळी विमानतळावरून टूरच्या बसमध्ये बसतात, पट्टायाला जातात, फुकेतचे विमान पकडतात, खरेदी करतात आणि परत येतात. त्यात वाईट काही नाही. पण हातात एक मोकळा दिवस असेल तर तो रेल्वेला द्या. मला रेल्वेचे वेड आहे, म्हणून तर सांगतोच. पण ज्याला इंजिनाचा नंबर आणि डब्याचा प्रकार यात काडीचा रस नाही, त्यालाही थायलंड खिडकीतून जितका दिसतो तितका बसमधून दिसत नाही.

आधी शब्दांची गंमत ऐका. थाई भाषेत रेल्वेगाडीला ‘रोत फाय’ म्हणतात. त्यातला ‘रोत’ लिहिताना ‘रथ’ असाच लिहितात, कारण तो आपला संस्कृत रथच आहे. ‘फाय’ म्हणजे आग. आगीचा रथ! आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेली ‘आगगाडी’ तिकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे. स्टेशनला म्हणतात ‘सथानी’, तेही ‘स्थान’चेच भावंड. आणि डब्याला बोलताना ‘बोकी’ म्हणतात. आपण बोगी म्हणतो ना, तीच.

पण खरे नाते आहे ते रुळांचे.

तुमच्या घरात कुणी मनमाड-औरंगाबाद-परभणी भागातले असेल, किंवा मिरजेहून दूधसागरमार्गे गोव्याला गेलेले असेल, तर त्यांना ‘मीटर गेज’ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर, म्हणजे १००० मिलिमीटर. आपल्या आजच्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. मीटर गेजचे डबे अरुंद, फलाट बुटके, वळणे जास्त, वेग कमी. १९९२ पासून भारतीय रेल्वेने सगळे रूळ एकाच रुंदीचे करायचे मोठे काम हाती घेतले आणि आपल्याकडची ही छोटी गाडी हळूहळू संपली. आता थोडेफार मार्ग उरलेत, तेही बहुतेक डोंगरात आणि जंगलात.

थायलंडमध्ये मात्र जवळपास सगळी रेल्वे मीटर गेज आहे. चार हजार किलोमीटरहून अधिक. देशाच्या राजधानीतून सुटणारी सर्वांत मानाची एक्स्प्रेसही त्याच एक मीटरवर धावते. आपल्याकडे जी गाडी शाखामार्गावरची गरीब नातेवाईक होती, ती तिथे घरची मालकीण आहे.

आणि ही मालकीण सुरुवातीला नव्हतीच. सयाममधली, म्हणजे जुन्या थायलंडमधली, पहिली सरकारी गाडी २६ मार्च १८९७ रोजी बँकॉकहून अयुथयाला गेली. राजा चुलालोंगकोर्न याने तिचे उद्घाटन केले. ते रूळ १४३५ मिलिमीटरचे होते, म्हणजे युरोपात असतात तसे, कारण काम करणारे इंजिनिअर मुख्यतः जर्मन होते. उत्तरेचे आणि पूर्वेचे मार्ग असे रुंद झाले. दक्षिणेचा मार्ग मात्र चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या काठावरून निघाला आणि तो ठेवला मीटर गेजचा, कारण पुढे जाऊन तो ब्रिटिशांच्या मलायातल्या रुळांना जोडायचा होता. एकाच देशात, एकाच शहरात, नदीच्या दोन काठांवर दोन रुंदीचे रूळ!

१९१७ मध्ये दोन्ही खाती एकत्र झाली आणि राजपुत्र पुरछत्र त्यांचे प्रमुख झाले. निर्णय झाला की सगळे मीटर गेज करायचे. धावत्या गाड्या सांभाळत रुंद रूळ अरुंद करायला साधारण दहा वर्षे लागली. १९२७ मध्ये चाओ फ्रायावर रामा सहावा पूल झाला आणि दोन काठ जोडले गेले. आपण जे केले त्याच्या बरोबर उलट त्यांनी सत्तर वर्षे आधी केले होते. शेजाऱ्याशी जोडले जायचे तर शेजाऱ्याच्या मापाचे रूळ हवेत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. तो हिशेब आज पुन्हा मांडायची वेळ आली आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

या पुरछत्र राजपुत्रांनीच १९२८ मध्ये स्वित्झर्लंडहून डिझेल इंजिने मागवली, जेव्हा आशियात बहुतेक सगळीकडे कोळसाच जळत होता. थाई डिझेल इंजिनाजवळ उभे राहाल तर बाजूला एक छोटी पट्टी शोधा. त्यांचे राजचिन्ह त्या पट्टीवर असते. नव्या इंजिनांवरही ते लावतात.

आता बँकॉकमध्ये गाडी कुठून पकडायची? दोन स्टेशने लक्षात ठेवा. जुने हुआ लम्फोंग, १९१६ सालचे, मोठ्या कमानीच्या छताचे, रंगीत काचांचे. आपल्या सीएसएमटीइतके भव्य नाही, पण आत शिरताच मान आपोआप वर जाते. नवे ते क्रुंग थेप अभिवात, बांग स्यू भागातले, २६ फलाटांचे, विमानतळासारखे चकचकीत. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या स्टेशनातून सुटतात. जुने स्टेशन बंदच करायचे असे २०२१ च्या अखेरीस ठरत होते. पण लोकांनी विरोध केला. रोज कामाला येणारे, स्वस्त गाडीने गावी जाणारे, इतिहासप्रेमी असे सगळे बोलू लागले, आणि तो बेत मागे पडला. आज तिथून साध्या आणि लोकल गाड्या सुटतात. म्हणजे एसी एक्स्प्रेस नव्या काचेच्या महालात आणि पंख्याच्या तिसऱ्या वर्गाची गाडी जुन्या कमानीखाली. माझ्या मते जुन्या स्टेशनाच्या वाट्याला चांगल्या गाड्या आल्या आहेत.

शक्य असेल तर हुआ लम्फोंगला सकाळी आठच्या आधी पोहोचा. ठीक आठ वाजता राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे स्टेशन उभे राहते. हमाल, भिक्खू, पिशव्या घेतलेल्या बायका, मोबाइलमध्ये बुडालेली मुले, सगळे. संध्याकाळी सहालाही तसेच. तुम्हीही उभे राहा. मिनिटभरात गीत संपते आणि जणू काही झालेच नाही अशी पुन्हा धावपळ सुरू होते.

पहिला प्रवास अयुथयाचा करा. नावावरून ओळखले असेलच, ही त्यांची अयोध्या. बँकॉकपासून ७१ किलोमीटर. साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचे तिकीट बँकॉकमधल्या एका कॉफीपेक्षा स्वस्त पडते. एसी नाही, खिडक्या उघड्या, छताला फिरणारे पंखे. भिक्खूंसाठी राखीव जागा असतात, त्यावर बसू नका. बाईने भिक्खूला लागून बसायचे नाही असाही तिथला रिवाज आहे, तो पाळा.

विक्रेते येत-जात राहतात. ‘नाम येन, नाम येन’ म्हणजे थंड पाणी. केळीच्या पानात किंवा पिशवीत चिकट भात, काडीला लावून भाजलेली कोंबडी, कापलेला पेरू त्यावर मीठ-मिरची-साखर. शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा एक शब्द पाठ करावा. ‘किन जे’ म्हणजे मी पूर्ण शाकाहारी खातो. त्यात अंडे, दूध, अगदी कांदा-लसूणही येत नाही, त्यामुळे आपल्या उपासाच्या आजीचेही भागेल. तरी गाडीत तसे मिळेलच असे नाही, डबा जवळ ठेवलेला बरा. आणि गाडीत किंवा स्टेशनात दारू चालत नाही. २०१४ पासून बंदी आहे. कुटुंबाबरोबर जाणाऱ्यांना हे सांगायला हवे.

छोट्या स्टेशनांवर जरा लक्ष द्या. फलाटावर पितळी घंटा टांगलेली असते. गाडी सुटताना गणवेशातला माणूस ती वाजवतो आणि स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन ताठ उभा राहतो. फुलझाडांच्या कुंड्या इतक्या नीट की कुणाच्या तरी अंगणात गाडी थांबली असे वाटावे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्याकडे ड्रायव्हरला ‘गोळा’ दिला जायचा, आठवतो? तो जवळ असला तरच पुढच्या स्टेशनापर्यंत जायची मुभा. थायलंडच्या जुन्या एकेरी मार्गांवर तीच पद्धत चालत आली. मोठ्या कडीला अडकवलेले टोकन हातात घेऊन माणूस उभा राहतो आणि चालत्या इंजिनातून हात बाहेर येऊन ते उचलतो. दुहेरी रूळ आणि रंगीत दिव्यांचे सिग्नल जसजसे येताहेत तसतसा हा खेळ संपतो आहे.

इंजिनांच्या बाबतीत थायलंड म्हणजे रेल्वेवेड्यांचे प्रदर्शनच. फ्रान्सच्या आल्स्टॉमची १९७० च्या दशकापासूनची इंजिने, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, जपानच्या हिताचीची, आणि आता चीनची. इंग्लंडमध्ये बांधलेल्या स्प्रिंटर डिझेल गाड्या, कोरियाच्या देवूच्या गाड्या. जपानमध्ये निवृत्त झालेले डबेही इथे येऊन दुसरे आयुष्य जगले. होक्काइडोच्या बर्फात धावलेल्या किहा १८३ गाड्या २०२१ च्या अखेरीस आल्या आणि सहलीच्या गाड्या म्हणून थायलंडच्या उन्हात धावू लागल्या. त्या येऊ शकल्या कारण जपानचे जुने रूळ १०६७ मिलिमीटरचे, म्हणजे जवळपास याच मापाचे. चाकांमधले अंतर थोडे कमी केले की झाले. चीनहून २०२२ मध्ये आलेल्या ५० लाल-करड्या इंजिनांना थाई मुले ‘अल्ट्रामॅन’ म्हणतात. समोरून पाहिले की का ते कळते.

वाफेचे इंजिन पाहायचे असेल तर तारीख जुळवा. युद्धानंतर जपानमध्ये बांधलेली काही इंजिने थोनबुरीच्या शेडमध्ये जपून ठेवली आहेत. २६ मार्चला रेल्वेच्या वाढदिवशी, २३ ऑक्टोबरला चुलालोंगकोर्न दिनी आणि ५ डिसेंबरला ती सहसा खास गाडी घेऊन निघतात.

रात्रीचा प्रवास करायचा तर चियांग मायचा. ७५१ किलोमीटर, साधारण बारा-तेरा तास. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरची रचना आपल्याला चक्रावून टाकते. मधोमध वाट आणि दोन्ही बाजूंना लांबीने बर्थ. म्हणजे संपूर्ण डबाच ‘साइड लोअर’ आणि ‘साइड अप्पर’! आपल्याकडे जो बर्थ मिळाला की चेहरा पडतो, तोच तिथे सगळ्यांना मिळतो. पण तो रुंद असतो, पडदा असतो, आणि रात्री कर्मचारी येऊन समोरासमोरच्या खुर्च्या ओढून गादी घालून पांढरी चादर लावून देतो. खालचा बर्थ जास्त रुंद आणि थोडा महाग, खिडकी त्यालाच. मुलांसाठी खालचाच घ्या. एसी मात्र कडक असतो, शाल विसरू नका. २०१६ मध्ये आलेल्या चिनी बनावटीच्या नव्या डब्यांच्या गाड्या बँकॉकहून निघताना ९ नंबरची आणि परतताना १० नंबरची. तिकिटे लवकर संपतात.

पहाटे जाग आली तर झोपू नका. चियांग मायच्या थोडे आधी खुन तानचा बोगदा लागतो, १,३५२ मीटरचा. शंभर वर्षे हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. एमिल आयझेनहोफर या जर्मन इंजिनिअरने १९०७ पासून तो खोदायला घेतला. घनदाट जंगल, हिवताप, वाघ. काम चालू असताना पहिले महायुद्ध आले, १९१७ मध्ये सयाम जर्मनीच्या विरुद्ध उतरला आणि काल पगार देणाऱ्या सरकारनेच आज या जर्मन माणसांना कैद केले. बोगदा १९१८ मध्ये सयामी लोकांनी पूर्ण केला. आयझेनहोफर पुढे परत थायलंडला आला. त्याच्या अस्थी त्याच बोगद्याच्या तोंडाशी, खुन तान स्टेशनजवळच्या स्मारकात आहेत. गाडी तिथे थांबते तेवढ्या वेळात ते स्मारक दिसते.

दक्षिणेकडे गेलात तर खानदेशातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट आहे. सुरात थानी हे तिथले मोठे स्टेशन. ते शहराबाहेर फुनफिन गावात आहे आणि गाडी तिथे एक नदी ओलांडते. नदीचे नाव तापी. होय, आपलीच तापी. १९१५ मध्ये राजा वज्रावुधाने गावाला सुरात थानी हे नाव दिले, आणि सुरतेला तापी आहे म्हणून इथल्या नदीलाही तापी म्हटले. भुसावळ सोडले की गाडी तापीच्या पुलावर धडधडते, ते ज्यांच्या कानात आहे त्यांनी फुनफिनच्या पुलावर डोळे मिटून ऐकावे. पुलाचा आवाज थोडा हलका येतो, एक मीटरचाच फरक.

कांचनबुरीला तुम्ही जालच, कारण क्वाय नदीवरचा पूल प्रसिद्ध आहे. सिनेमा मात्र तिथे नाही, श्रीलंकेत चित्रित झाला. पुलावर सेल्फीची गर्दी असते. मी एवढेच सुचवीन की आधी स्टेशनजवळच्या युद्ध स्मशानभूमीत जा. जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये बर्मापर्यंत ४१५ किलोमीटरचा मार्ग युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतला. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. मलायातून आणलेले तमिळ मजूर, बर्मी, मलाय, जावाचे लोक त्याहून कितीतरी जास्त मेले. कैद्यांपैकी जवळपास सात हजारांची थडगी इथे ओळीने आहेत. रबराच्या मळ्यांतून आणलेल्या त्या तमिळ माणसांपैकी बहुतेकांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. मग नाम तोकची साधी गाडी पकडा. थाम क्रासेला ती डोंगराच्या कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून मुंगीच्या पावलांनी जाते आणि डब्यातले सगळे गप्प होतात.

मेक्लोंगचा बाजार, जिथे गाडी आली की भाजीवाले छत्र्या मिटतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. आता तिथे भाजी घेणाऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त. टॅक्सीने जाऊन पाच मिनिटांत परतू नका. बँकॉकच्या वोंगवियान याय स्टेशनातून महाचायला रेल्वेने जा, तिथे होडीने नदी ओलांडा आणि पलीकडच्या बान लाएममधून दुसरी गाडी पकडा. मिठागरे, कोळंबीची तळी, मासळीचा वास. बाजार हा त्या प्रवासाचा शेवटचा तुकडा आहे.

आता मालगाड्या. घरच्यांना कंटाळा येईल, पण मला त्यातच खरी गोष्ट दिसते.

बँकॉकच्या पूर्वेला लाट क्रबांग येथे कंटेनरचे कोरडे बंदर आहे, १९९६ पासून. तिथून लाएम चबांगच्या समुद्री बंदरापर्यंत कंटेनर गाड्या दिवसरात्र धावतात. फाटकाजवळ तासभर उभे राहिलात तर चिनी इंजिनामागे लांबलचक कंटेनरची माळ हमखास दिसेल. साराबुरीकडून सिमेंट येते. फित्सनुलोकजवळच्या बुएंग फ्राहून कच्चे तेल टाक्यांच्या गाडीने बँकॉकच्या रिफायनरीत येते. उत्तरेला आणि ईशान्येला गॅस जातो. एवढे असूनही देशातल्या एकूण मालापैकी रेल्वेने जातो तो जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळे ट्रकवर. हायवेवर जी ट्रकांची रांग दिसते, तिचे कारण या एकेरी रुळांत आहे. एका रुळावर प्रवासी गाडीला वाट द्यायला मालगाडी लूपमध्ये तासन्‌तास उभी राहते. व्यापारी म्हणतो, माझा माल कधी पोहोचेल ते सांगता येत नाही, मग कशाला?

म्हणून आता दुहेरीकरण चालू आहे. दक्षिणेला नाखोन पाथोमपासून चुम्फोनपर्यंतचे ४२१ किलोमीटर झाले. हुआ हिनचे राजेशाही प्रतीक्षागृह असलेले सुंदर लाकडी स्टेशन जपून ठेवले आहे, पण गाड्या आता शेजारच्या उंच काँक्रीटच्या स्टेशनात थांबतात. फोटो जुन्याचे काढतात, गाडी नव्यातून पकडतात. मला तिथे थोडे वाईट वाटले, आणि वेळेवर आलेल्या गाडीत बसल्यावर ते कमीही झाले.

आणि तो रुंदीचा जुना हिशेब? डिसेंबर २०२१ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये चीनपर्यंतची नवी रेल्वे सुरू झाली. तिचे रूळ १४३५ मिलिमीटरचे. आता थायलंडचे दुरियान, तेच काटेरी आणि उग्र वासाचे फळ जे विमानात आणि हॉटेलात नेऊ देत नाहीत, ते थंड कंटेनरमध्ये घालून गाडीने चीनला जाते. नोंग खायहून मेकोंग नदीवरचा पूल ओलांडला की व्हिएन्टियानजवळ मीटर गेज संपते. तिथे क्रेन एकेक कंटेनर अरुंद रुळांवरून उचलते आणि शेजारच्या रुंद रुळांवरच्या वाघिणीवर ठेवते. बँकॉकहून कोरातपर्यंत चीनच्या मदतीने जलद रेल्वेही बांधली जात आहे, पुढे ती नोंग खायला जायची आहे. तीही १४३५ ची. शंभर वर्षांपूर्वी दक्षिणेच्या शेजाऱ्यासाठी जी रुंदी सोडली, ती उत्तरेच्या शेजाऱ्यासाठी परत येते आहे.

१९ जुलै २०२४ पासून बँकॉकहून थेट व्हिएन्टियानला जाणारी प्रवासी गाडी सुरू झाली आहे. रात्री बँकॉकमध्ये बसायचे आणि सकाळी मेकोंग ओलांडायची. त्या पुलावर रूळ रस्त्याच्या मधोमध टाकले आहेत, त्यामुळे गाडी आली की दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबवतात. खिडकीची जागा मागून घ्या.